परग्रहावरचं पाप-पुण्य: विज्ञानकथेतले खरोखर परके समाज

मांडवी_दरवाजा

एच. जी. वेल्सच्या १९०१ सालच्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’ कादंबरीत एक प्रसंग आहे. कॅव्हर नावाचा शास्त्रज्ञ चंद्राच्या पोटातल्या सेलेनाइटांच्या राज्यात अडकलाय आणि तिथून पृथ्वीकडे संदेश पाठवतोय. त्या राज्यात ज्याला जे काम करायचंय, त्या कामापुरतंच त्याचं शरीर वाढवतात. एके ठिकाणी त्याला बरण्यांत कोंडलेली पिल्लं दिसतात. फक्त पुढचे हात बाहेर. ती मोठी होऊन यंत्रं चालवणार, म्हणून हातच तेवढे वाढू द्यायचे. एका बरणीतून बाहेर आलेला लुळा हात बघून कॅव्हरच्या पोटात कालवाकालव होते. पण लगेच तो म्हणतो, आपण मुलांना आधी माणूस होऊ देतो आणि मग त्यांचं यंत्र करतो, त्यापेक्षा ही रीत दयाळूच म्हणायची.

परग्रहवासी लिहिण्याच्या दोन वाटा या एकाच प्रसंगात भेटतात. पहिली वाट म्हणजे दाखवायचं परक्यांना आणि बोलायचं आपल्याबद्दल. वेल्सची नजर इंग्लंडमधल्या कारखान्यांवर होती, हे उघड आहे. दुसरी वाट फार अवघड. ज्यांचं चांगलं-वाईटच मुळात वेगळं आहे असा समाज उभा करायचा, आणि तो वाचकाच्या गळी उतरवायचा.

पडद्यावर बहुतेक वेळा यातलं काहीच होत नाही. कपाळाला दोन-चार वळ्या चिकटवल्या की झाला परग्रहवासी. मग अख्खा ग्रह योद्ध्यांचा, अख्खा ग्रह व्यापाऱ्यांचा. माणसाचा एकच गुण घ्यायचा आणि तो कोट्यवधी जिवांना वाटून टाकायचा. एवढ्या मोठ्या ग्रहावर एकाचंही दुसऱ्याशी मतभेदाचं भांडण नाही, हे मला कधीच पटत नाही.

माझ्या मते याचं उत्तर डार्विनने १८७१ मध्येच देऊन ठेवलंय. ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये तो म्हणतो की माणसं जर मधमाश्यांच्या परिस्थितीत वाढली असती, तर आपल्या अविवाहित बायकांना कामकरी माश्यांसारखं भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं, आयांनी प्रजननक्षम मुलींना मारायचा प्रयत्न केला असता, आणि त्यात मध्ये पडावं असं कुणाच्या मनातही आलं नसतं. हा माणूस परग्रहावर गेलाच नाही. पोळ्याकडे बघून त्याने ओळखलं की सद्सद्विवेकबुद्धी असणं ही एक गोष्ट आणि ती आपल्यासारखीच असणं ही दुसरी.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: परक्या समाजाची नीती त्यांच्या शरीरातून, त्यांच्या विणीतून आणि त्यांच्या मरणातून आली पाहिजे. वरून चिकटवलेली नको. ऑर्सन स्कॉट कार्डच्या १९८६ सालच्या ‘स्पीकर फॉर द डेड’मध्ये हे फार ताकदीने आलंय. (कथानक फुटेल, वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

लुसिटानिया ग्रहावर डुकरासारखे दिसणारे बुद्धिमान जीव राहतात. त्यांच्यावर जीव लावणारा, वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास करणारा माणूस एके दिवशी जिवंतपणी चिरलेला सापडतो. वाचक हादरतो. खूप पुढे कळतं की त्या जिवांमध्ये अशा पद्धतीने मारलेला जीव झाड होऊन उगवतो, आणि ते झाड म्हणजे पुढचं, जास्त मोठं आयुष्य. त्यांनी त्याला सर्वांत मोठा मान देऊ केला होता. खरं तर आधी पर्याय दिला होता: तू आमच्यातल्या एकाला हा मान दे, नाहीतर आम्ही तुला देतो. तो सुरी चालवायला तयार झाला नाही. दोन्ही बाजू सद्वर्तनी, दोन्हींच्या मनात प्रेम, आणि मध्ये प्रेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. खलनायक कुणीच नसताना एवढी भयंकर गोष्ट घडू शकते, हे मला फक्त विज्ञानकथेनेच दाखवलं.

लॅरी निव्हनचे ‘पपेटिअर’ही थोडक्यात सांगतो. ते कळपात राहणारे शाकाहारी जीव, म्हणून भित्रेपणा हा त्यांचा सद्गुण. त्यांच्या नेत्याचा मान सर्वांत मागे राहण्यात. आणि जो धाडस करून परक्या जिवांना भेटायला येतो, तो त्यांच्या हिशोबी वेडा. म्हणजे माणसांना आजवर शहाणा पपेटिअर भेटलेलाच नाही!

तुम्हाला कोणता परका समाज पटला, आणि का? मराठीतलंही सांगा.

कमाटीबाग

धागा आवडला. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे तुमच्या कसोटीशी सहमत असणारच. फक्त एक भर घालते. लेखकांना परग्रह शोधायला लांब जायची गरजच नाही.

ऑक्टोपस घ्या. सुमारे ५० कोटी चेतापेशी, आणि त्यातल्या बहुतांश डोक्यात नसून हातांत. हात स्वतःच चव घेतात, स्वतःच बरंच काही ठरवतात. मादी अंडी घातली की खाणं सोडते, ती राखत बसते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत संपते. १९७७ मध्ये एका प्रयोगात माद्यांच्या डोळ्यांजवळच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, तर त्यांनी अंडी राखणं सोडलं, पुन्हा खायला लागल्या आणि बरेच दिवस जगल्या. म्हणजे तिचं ‘मातृत्व’ त्या ग्रंथींत. असा जीव बोलता झाला तर त्याच्याकडे आई-मुलाचं नातं हा शब्दसुद्धा असायचा नाही, कारण दोघांची गाठच पडत नाही. आणि ‘मी’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न आठ हातांना विचारायचा की डोक्याला?

मुलांना घेऊन आपल्या बडोद्याच्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये जाते, तेव्हा ती देवमाशाच्या सांगाड्याखाली उभी राहतात आणि हमखास विचारतात, “बाई, हा काय विचार करत असेल?” बरगड्या मोजून उत्तर मिळत नाही, पण मला वाटतं विज्ञानकथा तिथूनच सुरू होते.

निळा_समुद्र

मी विरोधात लिहितो आहे.

तुम्ही दोघं म्हणताय की परक्याची नीती जीवशास्त्रातून आली पाहिजे, म्हणजे ती आपल्याला समजेल. पण समजली की ती परकी राहिली कुठे? कार्डच्या त्या जिवांचं रहस्य शेवटी उलगडतं, झाडांचा खुलासा होतो, वाचकाला रडू येतं, सगळं जागच्या जागी बसतं. ती गैरसमजाची गोष्ट आहे. गैरसमज दोन शेजाऱ्यांतही होतो.

स्तानिस्लाव लेमने १९६१ मध्ये ‘सोलारिस’ लिहून हा दरवाजाच बंद केला. एका ग्रहावर एकच जीव, अख्खा समुद्र. माणसं पिढ्यानपिढ्या त्याचा अभ्यास करतात, त्याच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या प्रचंड आकारांना नावं देतात, वर्गवारी लावतात, पंथ काढतात, एकमेकांना खोडतात. नायक अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात बसून ते खंडच्या खंड चाळतो. सगळं करून समुद्राला काय हवंय, त्याला ‘हवं’ असं काही असतं का, हे कुणाला सांगता येत नाही. माणसं त्याच्यावर क्ष-किरणांचा मारा करतात, त्यानंतर स्थानकातल्या प्रत्येकाच्या मनातलं सर्वांत दुखरं माणूस त्याच्यासमोर येऊन उभं राहतं. ही शिक्षा आहे? भेट आहे? की नुसती प्रतिक्रिया? लेम सांगत नाही. त्यातलं एक पात्र म्हणतं तेच खरं: आपल्याला दुसरी जगं नकोच आहेत, आपल्याला आरसे हवेत.

माझ्या दृष्टीने तोच प्रामाणिक लेखक.

मांडवी_दरवाजा

@निळा_समुद्र, ‘सोलारिस’पुढे मीही नतमस्तक. पण तो समाज नाही ना! समुद्र एकटा आहे. त्याला कुणाशी देवाणघेवाण नाही, कुणाला फसवायचं नाही, कुणासाठी मरायचं नाही. मूल्यं लागतात ती दुसरा कुणी समोर असला की. म्हणून माझा प्रश्न ‘परकं मन’ एवढाच नाही, ‘परका समाज’ असा आहे.

आणि समजलं म्हणजे परकेपण संपलं, हेही मला मान्य नाही. व्हर्नर विंजीच्या १९९२ सालच्या ‘अ फायर अपॉन द डीप’मधले ‘टाइन’ बघा. कुत्र्यासारखे जीव, पण एकटा जीव म्हणजे व्यक्ती नव्हे. चार ते आठ जणांचा एक गट मिळून एक मन. गटातले जीव आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजांतून सतत एकमेकांशी विचार करतात. त्यामुळे दोन गट जवळ आले की विचारांत विचार मिसळतात आणि दोघांनाही सुधरत नाही. आता याचे परिणाम बघत जा. गर्दी करता येत नाही. खांद्याला खांदा लावून लढता येत नाही. जवळ येणं म्हणजे एकतर प्रेम, नाहीतर जिवावरचा हल्ला. गटातला एक म्हातारा होऊन मेला की नवा घ्यायचा, म्हणजे ‘व्यक्ती’ शेकडो वर्षं जगू शकते, पण प्रत्येक भरतीबरोबर स्वभाव थोडा बदलतो. मग कोणता जीव आत घ्यायचा हा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा नैतिक प्रश्न. आणि दुसऱ्याचा गट मोडून त्यातले तुकडे हवे तसे जोडणं हे सर्वांत मोठं पाप.

हे मला पूर्ण समजतं. तरी एका मिनिटासाठीसुद्धा मी टाइन होऊ शकत नाही. परकेपण तिथे आहे.

दांडियाबाजार_२२

छान चाललंय. मी इंग्रजी कादंबऱ्या फारशा वाचत नाही. मराठीत असा समाज कुणी रंगवलाय का? की आपल्याकडे नाहीच?

जुने_अंक

@दांडियाबाजार_२२, माझं मत सांगतो. मराठी विज्ञानकथेचं वळण वेगळं पडलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखकाचं नाव ना. वि. जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर होते, आद्याक्षरं उलटी करून. तिथपासून आपल्या विज्ञानकथेने विज्ञान वाचकाच्या घरात आणायचं काम मनापासून केलं. कथेच्या मध्यभागी बहुतेक वेळा एक कल्पना असते आणि तिच्याभोवती आपली, ओळखीची माणसं. परग्रहवासी आले तरी ते आपली परीक्षा घ्यायला किंवा आपल्याला काही द्यायला येतात. त्यांच्या घरी काय चालतं, तिथे सासू-सून आहे का, त्यांच्यात चोर कोणाला म्हणतात, इकडे आपण फारसे वळलो नाही. मला याची मनापासून खंत वाटते, कारण आपल्याकडे त्याला लागणारं खतपाणी भरपूर आहे.

महाभारतच घ्या. नाग हा तिथे माणसांशेजारी राहणारा पूर्ण वेगळा समाज आहे. त्यांची राजधानी, त्यांचे शाप, त्यांची वैरं. खांडववन जळतं तेव्हा नागांच्या बाजूने ती गोष्ट काय असेल? इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ लेखात त्या जाळपोळीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर विज्ञानकथाकाराला हवी. आणि सर्पसत्र थांबवतो कोण? आस्तिक, ज्याची आई नागकन्या आणि बाप माणूस. दोन्हीकडच्या नात्यांचं ओझं वाहणारा.

आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात ‘युगान्त’ वाचायला बसा. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डनना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचं जे जाळं विणलं, त्याचं ते केंद्र. काचेच्या लाद्यांच्या मजल्यांवर, लोखंडी मांडण्यांमधून चालताना मला स्वतःलाच परग्रहावर आल्यासारखं वाटतं.

ओटा

जुने_अंक यांनी मानववंशशास्त्राचा विषय काढलाच आहे, तर अर्सुला ले ग्विनना विसरून चालणार नाही. वडील आल्फ्रेड क्रोबर, अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. तिच्या १९६९ सालच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये गेथेन ग्रहावरची माणसं बहुतेक काळ ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवस ‘केमर’ येतो, आणि त्या वेळी कोण काय होईल हे आधी माहीत नसतं. एकच व्यक्ती एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकते.

मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते सांगणाऱ्याचं आंधळेपण. गेन्ली आय हा पृथ्वीवरचा दूत प्रत्येकाला मनातल्या मनात ‘बाईसारखा’ किंवा ‘पुरुषासारखा’ अशा खणांत टाकत राहतो आणि त्यामुळेच जो त्याचा खरा मित्र, त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. मध्येमध्ये त्या लोकांच्या दंतकथा, जुन्या नोंदी, पाहणीचे अहवाल येतात. निवेदकापेक्षा त्या दंतकथांतून तो समाज जास्त कळतो.

मी समाजशास्त्र शिकलो ते इथेच, एम. एस. युनिव्हर्सिटीत, ज्या विभागाची सुरुवात एम. एन. श्रीनिवास यांनी केली. तिथे आम्हाला पहिल्यांदा शिकवलं ते हेच, की गावात जाऊन राहा, आणि आपल्याला काय विचित्र वाटलं ते वेगळं लिहून ठेवा, कारण ती माहिती गावाबद्दलची नसते. परग्रहाची गोष्ट लिहिणाऱ्याने ही वही ठेवलीच पाहिजे.

वॉर्ड_नंबर_तीन

मी निवृत्त परिचारिका. उभं आयुष्य प्रसूतिकक्षात गेलं. मुलीने ऑक्टेव्हिया बटलरची १९८४ सालची ‘ब्लडचाइल्ड’ ही कथा वाचायला दिली, त्याबद्दल लिहिते.

पृथ्वी सोडून पळालेली माणसं टलिक नावाच्या, किड्यांसारख्या मोठ्या जिवांच्या ग्रहावर आसऱ्याला आहेत. टलिकांची अंडी उबायला जिवंत शरीर लागतं, आणि माणसाचं शरीर त्याला उत्तम. म्हणून प्रत्येक माणूसघराने एक मूल द्यायचं. वेळेवर अळ्या काढल्या तर माणूस वाचतो, उशीर झाला तर त्या त्याला आतून खातात. गान नावाच्या मुलाला असं एक बाळंतपण बघावं लागतं. पोट फाडलेलं, रक्त, आणि टलिक मात्र अळ्या निघाल्याच्या आनंदात.

खूप जणांना ही गुलामगिरीची गोष्ट वाटते. बटलरने स्वतः सांगितलंय की ही एका अर्थी प्रेमकथा आहे, पुरुषाच्या गरोदरपणाची गोष्ट आहे, आणि परक्या घरी राहायचं तर भाडं भरावं लागतं त्याची गोष्ट आहे. मला ती तशीच वाटली. शेवटी गान हट्टाने घरातली बंदूक ठेवून घेतो. त्याच्या शरीरात अंडी घालणार असलेल्या टलिक मादीला तो म्हणतो की आम्ही तुमची जनावरं नसू, तर आमच्याकडूनही धोका पत्करायला शीक. आणि ती परकी बाई ते मान्य करते. तिच्याही मनात भय आहे, तिचीही गरज आहे. मांडवी_दरवाजा, तुमच्या कसोटीत मी एवढं घालेन: परक्याला काहीतरी गमवावं लागलं पाहिजे. ज्याला काहीच गमवावं लागत नाही तो मला दैत्य वाटतो, समाज नाही.

निळा_समुद्र

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून ‘ब्लडचाइल्ड’ लगेच वाचली. बंदुकीच्या जागी मीही थांबलो. हे लेमला जमलं नसतं, हे कबूल.

तरी माझा आग्रह मी सोडत नाही. टेड चिआंगच्या १९९८ सालच्या ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’मधले सात पायांचे हेप्टापॉड पुढे काय होणार हे आधीच जाणतात आणि तरी ते घडवून आणतात, कारण त्यांच्या लेखी ‘घडवणं’ हेच कर्तव्य. प्रकाशकिरण कमीत कमी वेळाचा रस्ता घेतो या फर्माच्या तत्त्वातून लेखकाने ते उलगडलंय. ते का आले आणि का गेले हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या मते चांगल्या कथेत अशी एक खोली बंदच राहिली पाहिजे.

कमाटीबाग

एक बंद खोली, मान्य! आता एक प्रस्ताव. आपल्याकडे काटेरी झुडपांवर मोठ्या वसाहती करून राहणारे सामाजिक कोळी आहेत, स्टेगोडायफस सारासिनोरम. आई पिल्लांना आधी तोंडातून रस भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच खातात. त्यांच्या एका आफ्रिकी भावकीत तर अंडी न घातलेल्या माद्याही पिल्लांना भरवतात आणि खाल्ल्या जातात. यांना बुद्धी दिली तर समाज कसा होईल? सगळे मिळून बांधूया.

ओटा

पिढ्या फार काळ एकत्र नसतात, म्हणजे शिकवणारं कुणी नाही. सगळं ज्ञान जाळ्यात विणून ठेवावं लागेल. जाळं तोडणं हा खुनापेक्षा मोठा गुन्हा.

जुने_अंक

श्राद्ध नसेल, कारण पूर्वज पोटातच आहेत. वारसाहक्काचं भांडण कोणी किती खाल्लं यावरून. आणि पळून गेलेल्या आईच्या मुलांना जन्मभर उपाशी मानतील.

वॉर्ड_नंबर_तीन

माणसांचं यान तिथे उतरलं आणि त्यात कुणाची ऐंशी वर्षांची आई असली, तर ते कोळी तिच्याकडे काय नजरेने बघतील? त्यांना वाटेल, हिच्या मुलांनी हिला नाकारलं. ते तिची समजूत काढायला येतील. आणि मुलगा शेजारी उभा राहून सांगत असेल की मी हिला दहा वर्षं सांभाळतोय, तर ते त्याला सर्वांत निर्दय समजतील.

मांडवी_दरवाजा

ताई, ही कथा तुम्हीच लिहा, आणि कोळ्यांच्या बाजूने लिहा. म्हातारी आणि कोळीण यांची पहिली भेट आधी लिहून इथे टाका. यानाचं तंत्रज्ञान मी बघतो, कोळ्यांच्या शरीराचे तपशील कमाटीबाग तपासतील, आणि बंद खोली कोणती ठेवायची ते निळा_समुद्र ठरवतील.

वॉर्ड_नंबर_तीन

लिहायला घेते. पण म्हातारीला त्यांचं बोलणं पटतं की नाही, ते मी आधी सांगणार नाही.